पटावर नाव नाही

१८ जून २०१२, सोमवार

पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. हे आज कळलं, शाळेत गेल्यावर. आधी फोन नाही, चिठ्ठी नाही. प्राजू वॉकर धरून जिन्याखाली उभी आणि तिच्याच वर्गातली मुलं तिच्या बाजूने धडाधड वर. चार वर्षं वर्ग खाली होता, पाचवीलाही खालीच असेल असं मी धरून चालले. विचारायला हवं होतं.

तळमजल्याचे तिन्ही वर्ग नवे रंगवलेत. भिंतींवर फुलपाखरं. इंग्रजी माध्यमाची छोटी मुलं बसणार आहेत तिथे.

देवधरबाईंना भेटले. मुख्याध्यापिका म्हणून त्यांचं दुसरंच वर्ष. म्हणाल्या, एका मुलीसाठी चाळीस जणांचा वर्ग खाली आणायचा म्हणजे... लिफ्टचं म्हटलं तर हसल्या.

शेवटी सुधीरने तिला पाठुंगळी घेतलं आणि वर नेऊन बसवलं. वॉकर खालीच राहिला. सुधीरला कंपनीत उशीर.

२२ जून, शुक्र.

आता हेच रुटीन. सकाळी सुधीर वर नेतो, मग बाइकने तळोज्याला. सुटताना हिराबाई मावशी खाली आणतात. मावशी शाळेतल्या शिपाई, पळस्प्याच्या. पन्नाशीच्या असतील, पण प्राजूला अलगद उचलतात. 'हलकी हाय पोर,' म्हणतात. ती हलकी नाही.

मधल्या सुट्टीत प्राजू वरच. बाथरूम खाली. चार दिवस पाण्याची बाटली भरलेलीच परत येतेय. विचारलं तर म्हणाली, तहान लागत नाही.

धाकटी जुई विचारत होती, ताई रोज बाबांच्या पाठीवर का जाते, मला पण न्या.

३ जुलै, मंगळ.

मंजिरी माझ्या टायपिंगच्या गाळ्यावर आली होती. दोन अॅफिडेव्हिट अर्धवट टाकून तिच्याबरोबर बसले. ती फिरती विशेष शिक्षिका आहे. पनवेलच्या अकरा शाळांमधल्या अपंग मुलांकडे जाते, कंत्राटावर. प्राजूकडे पहिलीपासून येते. प्राजूला बोलायला वेळ लागतो, जीभ वळेपर्यंत थांबावं लागतं, हे मला डॉक्टरांच्या आधी मंजिरीने शिकवलं. 'वर्षाताई, मधे शब्द पुरवू नका. ती पोचते.'

आज तिने सगळं नीट समजावलं. ९५ सालचा अपंग कायदा आला तेव्हा ती डी.एड. करत होती. त्याआधी अशी मुलं एक तर घरी, नाही तर दूर कुठे तरी स्पेशल शाळेत. कायद्याने पहिल्यांदा लिहिलं की अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, होता होईल तो सर्वांबरोबर, आणि इमारतीतले अडथळे काढा. मग शिक्षण हक्क कायदा, २०१०पासून लागू. आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ती पहिल्या वर्षी घरोघर फिरली तेव्हा लोक मुलांना आतल्या खोलीत लपवायचे, म्हणाली. आता तेच लोक हात धरून शाळेत आणतात. एवढं बदललंय तर एक वर्ग खाली येणार नाही का?

तिने सांगितलं, मी टाइप केलं. दोन पानं अर्ज. इतकी वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतेय, स्वतःचा पहिल्यांदा. 'अर्जदार' लिहिताना हात अडला.

१२ जुलै

शाळेचं उत्तर आलं. 'व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात येईल.' बैठक कधी, ते नाही.

६ ऑगस्ट, सोम.

मंजिरी खूश होऊन आली. शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली, या महिन्यापासून लागू. आधी वंचित घटकांच्या यादीत अपंग मुलं नव्हतीच, आता स्पष्ट नाव घालून घेतली. तिने कागद आणला होता, मी वाचला. खाली आणखी एक ओळ आहे. तीव्र किंवा एकाहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्यायही निवडता येईल.

मी म्हटलं, हे चांगलं की वाईट?

म्हणाली, जी अंथरुणावरून उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी आहे ताई, आपल्याला त्याचं काय.

तीव्र म्हणजे ऐंशी टक्के आणि पुढे, प्राजूच्या दाखल्यावर साठ आहे. सेरेब्रल पाल्सी, ६०%. खरंच, आपल्याला त्याचं काय.

१४ ऑगस्ट

पडले दोघं. जिना ओला होता, पोरांच्या रेनकोटांचं पाणी. सुधीरचा पाय सटकला, पहिल्या मजल्याच्या वळणावर. त्याने कठडा धरला म्हणून निभावलं, पण प्राजूची हनुवटी पायरीच्या कडेवर. पाच टाके.

ती रडली नाही. सुधीर दवाखान्याबाहेर बाकावर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी शेजारी बसले तर म्हणाला, 'माझ्या पाठीवरून पडली ती.' एवढंच.

उद्या झेंडावंदन. आम्ही जाणार नाही.

२९ ऑगस्ट, बुध.

शाळेत बसलो, देवधरबाई, मंजिरी, सुधीर, मी. बाईंचा सूर एकदम मऊ. झाल्या प्रकाराचं फार वाईट वाटलं, दिवाळीनंतर खाली एखादी खोली मोकळी करता येते का बघतो, तोवर मुलीचा जीव धोक्यात कशाला घालायचा. मंजिरी म्हणाली ती आठवड्यातून दोनदा घरी येऊन अभ्यास घेईल. सुधीर म्हणाला, 'बरोबर आहे.' इतक्या लगेच म्हणाला.

मी एकच विचारलं. पटावर नाव राहील ना? बाई म्हणाल्या, अहो, रजा आहे ती, वैद्यकीय.

तिथेच बसून रजेचा अर्ज लिहून दिला. माझ्या हाताने.

७ सप्टेंबर, शुक्र.

गणपतीच्या आधीची गडबड, गाळ्यावर गर्दी. मंजिरी दुपारी घाईत आली. एक नमुना टाइप करून हवा होता. 'गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडत असल्याबाबत पालकांचा अर्ज.' तिने हाताने लिहून आणलेलं, नाव आणि इयत्तेची जागा मोकळी. कुणाचं म्हटलं तर म्हणाली, गावाकडचं एक मूल आहे, पूर्ण अंथरुणावर. मी दोन वाक्यं नीट केली. 'सदर निर्णय मी कोणत्याही दबावाशिवाय व स्वखुशीने घेत आहे' हे मी घातलं. अॅफिडेव्हिटला घालतो तसं. प्रिंट दोन.

तिचा चेहरा उतरलेला होता. विचारलं, बरं नाही का. नुसती मान हलवली.

९ ऑक्टोबर

मंजिरी आता आठवड्यातून एकदाच. कधी तेही नाही. अकरा शाळा आहेत, समजू शकते.

प्राजूचा अभ्यास मी घेते, गाळ्यावरच. शेजारच्या टेबलावर बसून अपूर्णांक तोंडी करते. काल एक पक्षकार जमिनीच्या वाटणीचा हिशेब तीनदा चुकला. प्राजू काही तरी बोलायला लागली, त्याला कळेना, मी त्याला थांबायला सांगितलं. 'पाच... सव्वीसांश.' बरोबर होतं. तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला.

पण शाळेचं नाव काढत नाही ती हल्ली. आधी रोज विचारायची, दिवाळी किती दिवसांवर. रुळली असेल. मुलं रुळतात.

२६ नोव्हें., सोम.

दिवाळी झाली, शाळा सुरू झाली, खोली नाही. देवधरबाईंना फोन केला. म्हणाल्या, नाताळनंतर बघू. आवाजात जरा नवल होतं, मी का विचारतेय असं. मला तसं वाटलं असेल.

सुधीरला म्हटलं, आता वर अर्ज करू या. तो म्हणाला, कशाला घाई करतेस, जरा थांब ना. त्याचं बरोबर असेलही. रोज जिना चढून तोच गेला होता, मी नाही.

२१ जानेवारी २०१३, सोम.

जुईचं नाव लागलं. ताईच्याच शाळेत, नव्या इंग्रजी विभागात. पहिल्या यादीत, पाचव्या नंबरवर. नवीन पनवेलमधली अर्धी जनता रांगेत होती. ओळखीपाळखीशिवाय झालं याचं मला फार अप्रूप वाटलं. सुधीर पेढे घेऊन आला. प्राजूने टाळ्या वाजवल्या, तिच्या तशा, एक हात दुसऱ्याला शोधत. जुई फुलपाखरांच्या वर्गात बसणार.

सुधीरने प्राजूला पेढा भरवला आणि तोंड फिरवलं. मला वाटलं आनंदाने.

१८ फेब्रुवारी, सोम.

शांतपणे लिहायचं ठरवून बसलेय.

वार्षिक परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मागायचा म्हणून सकाळी शाळेत गेले. ऑफिसातल्या क्लार्कने पाचवीचा पट काढला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. 'नाव नाही ओ मॅडम.' मी म्हटलं रजेवर आहे. तो म्हणाला रजा नाही, ऑक्टोबरपासून कमी केलंय, पालकांचा अर्ज आहे. मी म्हटलं पालक मी आहे. त्याने फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडत असल्याबाबत. माझा फॉन्ट. माझा समास. 'कोणत्याही दबावाशिवाय व स्वखुशीने.' मोकळ्या जागेत पेनाने प्राजूचं पूर्ण नाव, अपंगत्वाचा प्रकार: तीव्र. तारीख एक ऑक्टोबर. खाली पालकाची सही.

सुधीरची सही मी कुठेही ओळखेन. र ची शेपटी लांब काढतो.

शेजारी विशेष शिक्षकाची शिफारस. मंजिरीची सही.

झेरॉक्स मागितली, क्लार्कने दिली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, ज्यासाठी गेले तो लेखनिकाचा अर्ज तसाच हातात आहे.

१९ फेब्रुवारी

सुधीरला अजून काही बोलले नाही. आधी खात्री करायची होती. कसली ते मलाच माहीत नाही. सही तर दिसतेच आहे.

हिराबाई मावशी बाजारात भेटतात मंगळवारी, तिथे गाठलं. त्यांना विचारलं, प्राजूचे बाबा ऑक्टोबरमध्ये शाळेत आले होते का.

'आलते ना. दोनदा आलते. बाईंच्या केबिनमदी बसलेले. मी चाय दिली.' मग माझ्याकडे बघून थांबल्या. 'मना वाटला तुमाला म्हाईत हाय.'

मी म्हटलं, आणखी काय बोलले ते सांगा. मावशी आधी नको म्हणाल्या, नोकरीचा प्रश्न. मग भाजीची पिशवी खाली ठेवून सांगितलं. बाई म्हणत होत्या, धाकटीचं आमी बघतो, तुमी मोठीचा कागद द्या.

'तुमच्या मालकांनी चायला हात बी नाय लावला. मग सही केली. जाताना तोंड धुतलानी नळावर.'

२० फेब्रुवारी, बुध.

सुधीर कामावरून आल्यावर झेरॉक्स त्याच्यासमोर ठेवली. जुईला शेजारी पाठवलं होतं. प्राजू आत.

नाही म्हणाला नाही. मला वाटलं होतं निदान एकदा तरी नाही म्हणेल.

बरंच बोलला. जिन्याचं बोलला. रोज सकाळी पहिल्या पायरीवर तो वरच्या पायऱ्या मोजायचा, टाके घालताना प्राजू त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. कंपनीत एका फोरमनचा मुलगा मोठ्या शाळेत गेला आणि कुठच्या कुठे पोचला. एकीचं होणार नाही तर दुसरीचं तरी होऊ दे. दोघींचं नुकसान का. मी ऐकत होते. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त राग येत होता.

मी विचारलं, 'मला का नाही सांगितलंस?'

म्हणाला, 'तू भांडली असतीस. आणि जिंकली पण असतीस. मग मला रोज तिला घेऊन वर जावं लागलं असतं.'

पाच महिने हा माणूस माझ्याबरोबर जेवत होता. मी खोली मिळाली का विचारत होते आणि तो म्हणत होता, थांब जरा.

२२ फेब्रुवारी, शुक्र.

प्राजूला सांगायला बसले. सरळ सांगायचं ठरवलं होतं, शाळेने तुझं नाव कमी केलंय, पण आपण ते परत...

तिने मान हलवली. माहीत आहे, अशी. ती बोलेपर्यंत वेळ गेला, मी थांबले.

'बाबांनी... विचारलं होतं. जुईला... शाळा... मिळेल. तू... घरी... बसशील का. मी हो म्हटलं.'

कधी? दसऱ्याच्या आधी, म्हणाली. आईला सांगू नकोस, असंही सांगितलं होतं बाबांनी. नाही सांगितलं तिने. दहा वर्षांची मुलगी. पेढ्याच्या दिवशी टाळ्या वाजवत होती ती हे सगळं माहीत असून.

आणि मी म्हणत होते, रुळली असेल.

आणि एक गोष्ट, लिहायलाच हवी. सुधीरने तिला निदान विचारलं. चुकीचं विचारलं, पण विचारलं. जूनपासून मी अर्ज केले, बैठका घेतल्या, कायदे पाठ केले. तुला काय वाटतं, असं मी तिला एकदाही विचारलेलं नाही.

२५ फेब्रुवारी

मंजिरी तीन दिवस फोन उचलत नव्हती. आज तिच्या घरी गेले. दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली. आत या म्हणाली नाही, जा पण नाही.

तिचं कंत्राट दर वर्षी नवं होतं. भेटीच्या रजिस्टरवर मु.अ.ची सही लागते. देवधरबाईंनी दोन महिने सही केली नव्हती. शिफारस दिल्यावर सगळ्या एकदम केल्या. हे सगळं तिने स्वतःहून सांगितलं, खाली बघत.

मी म्हटलं, सही केलीस ते समजू शकते. तो कागद माझ्याकडून का टाइप करून घेतलास? पनवेलमध्ये दुसरे टायपिस्ट नव्हते?

मग म्हणाली, 'मला वाटलं तुम्ही वाचाल आणि ओळखाल. तुम्ही ओळखलं असतं तर मला करावं लागलं नसतं.'

म्हणजे चूक माझी.

तीव्र का लिहिलंस, दाखला साठचा आहे, हे विचारलं. ते शाळेने लिहिलं, म्हणाली. शिफारशीच्या वर 'तीव्र' आणि खाली तुझी सही, म्हटलं. त्यावर दार हळूच लोटलं तिने. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

५ मार्च, मंगळ.

शिक्षण खात्याकडे तक्रार दिली. टाइप करायला तीन दिवस लागले, एरवी तासाभराचं काम. मुद्दे: नाव कमी करणं बेकायदा. प्रमाणपत्रावर ६०%, अर्जात तीव्र, म्हणजे अर्जच खोटा. पर्याय मुलाचा आहे, शाळेचा नाही. आईची संमती नाही.

शेवटच्या मुद्द्यासाठी अॅफिडेव्हिट लागतं. 'माझ्या पतीने मला अंधारात ठेवून...' हे वाक्य मी दहा-बारा वेळा बदललं. मवाळ केलं की केस मवाळ होते. शेवटी होतं तसंच ठेवलं. नोटरीने वाचून वर बघितलं, मला बारा वर्षं ओळखतात ते. मग शिक्का मारला.

प्रत सुधीरच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. मागाहून कळायला नको. मला जसं कळलं तसं त्याला नको.

२७ मार्च, धुळवड

घरात कामापुरतं बोलणं. दूध आणलं का. जुईचा ताप बघितला का. सुधीरने अॅफिडेव्हिट वाचलंय, पिशवीतून काढून कपाटात ठेवलंय, बिलांच्या फाइलला नीट लावून.

काल सासूबाईंचा फोन. नवऱ्यावर कोर्टात गेलीस म्हणे. कोर्ट नाही आणि नवऱ्यावर नाही, शाळेवर, म्हटलं. त्यांना पटलं नाही. मलाही पूर्ण पटत नाही.

जुईचं नाव काढतील का, ही भीती. शाळेतून तसा निरोप आला नाही, पण देवधरबाई रस्त्यात दिसल्या तेव्हा म्हणाल्या, दोन्ही मुली आमच्याच आहेत हो, तुम्ही एवढं का ताणताय. हसून म्हणाल्या.

२ एप्रिल

सुनावणीची नोटीस. १८ तारीख, सकाळी ११. मुलीला घेऊन हजर राहावे.

प्राजूला या वेळी विचारलं. येशील? हो म्हणाली. मग म्हणाली, निळा फ्रॉक.

१८ एप्रिल, गुरु.

सुनावणीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. नोटिशीवर लिहिलेलं नव्हतं.

खाली उभे होतो आम्ही तिघं. जुई शेजारणीकडे. सुधीरने रजा घेतली होती, मी सांगितलं नव्हतं. जिना बघितला. वाकला. प्राजूने हात त्याच्या गळ्यात टाकले. चढताना एका हाताने कठडा घट्ट धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत. मी मागून वॉकर घेऊन.

वर सुनावणी घेणारे शिक्षण खात्याचे साहेब, एक टायपिस्ट, देवधरबाई, मंजिरी. मंजिरीने नमस्कार केला, मी नाही केला.

शाळेने तीन वाक्यांत उरकलं. पालकांनी स्वखुशीने अर्ज दिला. कायद्यात पर्याय आहे. शिक्षिकेची शिफारस आहे. साहेबांनी सुधीरला विचारलं, सही तुमची? हो. कोणी जबरदस्ती केली? सुधीरने देवधरबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'नाही,' म्हणाला. एवढंच. जुईच्या नावाबद्दल काही नाही. मी सांगायला लागले तर साहेब म्हणाले, पुरावा? हिराबाई मावशींचं नाव घेतलं नाही मी. त्यांची नोकरी जाईल.

साठ टक्क्यांचा मुद्दा साहेबांनी लिहून घेतला. दाखला दोनदा उलटसुलट बघितला. तेवढं एक झालं.

मग प्राजूकडे वळले. बरे वाटले माणूस म्हणून, आवाज चढा नव्हता. 'बाळ, तुला शाळेत जायचंय की घरी शिकायचंय?'

प्राजूने सुरुवात केली. मान आधी जाते, मग ओठ, मग आवाज. मला माहीत आहे, मंजिरीला माहीत आहे. त्या खोलीत हे दोघींनाच पक्कं ठाऊक होतं की आता थांबायचं असतं. मंजिरीने फाइलमध्ये बघितलं. माझंही तोंड उघडलं होतं, तिच्या वतीने बोलायला. ते मिटायला मला किती जोर लावावा लागला.

साहेब थोडे थांबले. मग म्हणाले, 'राहू दे, राहू दे, दमली ती.' टायपिस्टला सांगितलं, लिहा, मुलीने उत्तर दिले नाही.

'साहेब, थांबा, बोलतेय ती,' असं कोणी तरी म्हणालं. सुधीर होता. पण पान उलटलं होतं, पुढचे लोक दारात उभे होते.

पुढची तारीख २६ जून. तोवर शाळा सुरू झालेली असेल, सहावीचा पट झालेला असेल.

१९ एप्रिल, शुक्र.

काल रिक्षात विचारलं नाही, सुधीर होता. आज गाळ्यावर, दुपारची गर्दी ओसरल्यावर विचारलं. काल काय सांगणार होतीस?

मान हलवली. नाही सांगणार.

मला का नाही?

वेळ लागला. 'त्यांनी... विचारलं. त्यांनाच... सांगणार.'

मी पुन्हा विचारलं, वेगळ्या तऱ्हेने. निदान हो का नाही एवढं तर. हसली आणि पुस्तक उघडलं. एकदा वाटतं शाळाच म्हणेल. एकदा वाटतं बाबांचा जिना आणि जुईचं नाव सांभाळून घरी म्हणेल, आणि मग ही सगळी फाइल कशासाठी. माहीत नाही. तिचं तिला माहीत.

सुधीरबद्दल काय करायचं, तेही माहीत नाही. काल थांबा म्हणाला. त्याआधी नाही म्हणाला. दोन्ही त्याच खोलीत.

अर्ज करायला घेतलाय. 'दि. १८ रोजी मुलीस उत्तर देण्यासाठी पुरेसा वेळ देण्यात आला नाही. तरी तिचा जबाब पुन्हा नोंदवण्यात यावा व त्यासाठी...' इथे अडलं. आकडा लागतो. पाच मिनिटं? दहा? प्राजूलाच विचारलं, किती वेळ लिहू?

'लागेल... तेवढा.'

असं अर्जात लिहीत नाहीत. लिहिलंय.